टॉम डाउड : ऐकणाऱ्या हातांची कारकीर्द

रे चार्ल्सच्या ‘व्हॉट्ड आय से’ या गाण्यात एका ठिकाणी सगळी वाद्ये थांबतात, रे चार्ल्स आणि साथीच्या गायिका यांच्यात हुंकारांचे सवाल-जवाब सुरू होतात, आणि त्या मोकळ्या जागेत मागे कुठेतरी आणखी एक बारीक आवाज ऐकू येतो. लय हातची सुटू नये म्हणून रे चार्ल्स स्वतःच्या मांडीवर थाप देत असतो. हे गाणे १८ फेब्रुवारी १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये, अटलांटिक रेकॉर्ड्सच्या लहानशा स्टुडिओत मुद्रित झाले. ते मला जवळजवळ पाठ होते, तरीही ती थाप पहिल्यांदा जाणवली ती चांगले हेडफोन लावून ऐकताना, आणि एकदा जाणवल्यावर तिच्याशिवाय ते गाणे ऐकणे मला अशक्य झाले. गायकाची मांडी मायक्रोफोनला ऐकू जावी असे कोणी मुद्दाम ठरवले होते का? बहुधा नाही. पण ती ऐकू येते आहे हे कळल्यावर ती तशीच राहू द्यायची, एवढे तरी कोणीतरी ठरवलेच असणार. आणि ते ठरवण्याच्या जागेवर त्या दिवशी अटलांटिकचा ध्वनिमुद्रक, तेहतीस वर्षांचा टॉम डाउड बसलेला होता.

डाउडच्या कारकिर्दीचा नुसता पसारा पाहिला तरी छाती दडपते. रे चार्ल्स, जॉन कोल्ट्रेन, ओटिस रेडिंग, अरीथा फ्रँकलिन, क्रीम, ऑलमन ब्रदर्स, एरिक क्लॅप्टन, रॉड स्ट्यूअर्ट ही सगळी मंडळी एकाच माणसाच्या हाताखालून गेली यावर सहजासहजी विश्वास बसत नाही. या नावांची जंत्री देऊन त्याला दंडवत घालणे सोपे आहे, आणि त्याच्यावरचे बरेचसे लेखन तेच करते. मला त्याच्या आयुष्यातल्या एका पेचाचे अधिक कुतूहल वाटते. गाणे चालू असतानाच, त्या क्षणी, कोणता आवाज पुढे आणायचा आणि कोणता मागे ठेवायचा हे ठरवण्यात त्याचा हातखंडा होता. आणि ज्या यंत्रामुळे हे त्या क्षणी ठरवण्याची गरजच संपली, ते यंत्र कंपनीकडे हट्ट धरून आणवणाराही तोच होता.

त्याचा जन्म २० ऑक्टोबर १९२५ रोजी मॅनहॅटनमध्ये झाला. आई ऑपेरा गाणारी, वडील वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवणारे. त्यामुळे पियानो, व्हायोलिन, ट्यूबा आणि डबल बेस ही वाद्ये घरच्या वातावरणातच त्याच्या अंगवळणी पडली. सोळाव्या वर्षी शाळा संपवून तो कोलंबिया विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला लागला, आणि ती प्रयोगशाळा त्या वेळी अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात गुंतलेली होती. अठरा वर्षांचा झाल्यावर त्याला लष्करात भरती करून घेण्यात आले, पण काम तेच राहिले. १९४६ मध्ये बिकिनी प्रवाळबेटांवर झालेल्या अणुचाचण्यांच्या वेळीही तो तिथे होता. युद्धानंतर अणुभौतिकीची पदवी घ्यावी असा त्याचा विचार होता, परंतु प्रयोगशाळेत त्याने जे काम केले होते ते गोपनीय असल्यामुळे विद्यापीठाच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नव्हते, आणि वर्गात शिकवला जाणारा अभ्यासक्रम त्याला ठाऊक असलेल्या गोष्टींच्या कितीतरी मागे होता. जे आपण ओलांडून आलो तेच पुन्हा विद्यार्थी म्हणून शिकायचे, हे त्याच्या पचनी पडले नाही. तो एका ध्वनिमुद्रण स्टुडिओत नोकरीला लागला आणि भौतिकशास्त्र मागे पडले.

अणुबॉम्बपासून पॉप गाण्यापर्यंतचा हा प्रवास वृत्तपत्राच्या मथळ्याला फार शोभतो, म्हणूनच मला त्याची थोडी धास्ती वाटते. विज्ञानामुळे डाउडला संगीत कळले असे कोणी म्हणू लागले की ती गोष्ट उलटी टांगली जाते. संगीत त्याला आधीपासूनच येत होते. प्रयोगशाळेतून तो घेऊन आला ती यंत्राबद्दलची निर्भयता. यंत्र उघडावे, त्यातला नको तो भाग काढावा, हवा तो स्वतः बनवून बसवावा, यात त्याला काही विशेष वाटत नसे. त्या काळातले बरेचसे ध्वनिमुद्रक यंत्र जसे आले तसे वापरत आणि त्याच्या मर्यादा म्हणजे जणू निसर्गनियम मानत. डाउडने तसे कधीच मानले नाही.

अटलांटिकचे सुरुवातीचे कार्यालय न्यूयॉर्कच्या पश्चिम ५६व्या रस्त्यावर २३४ क्रमांकाच्या इमारतीत होते, आणि तेच त्यांचा स्टुडिओही होते. दिवसा तिथे टेबलांवर कंपनीचा कारभार चाले. संध्याकाळी टेबले एकावर एक रचून भिंतीला सरकवली जात, रिकाम्या झालेल्या लाकडी जमिनीवर वाद्ये मांडली जात आणि ध्वनिमुद्रण सुरू होई. बिग जो टर्नरचे ‘शेक, रॅटल अँड रोल’ १९५४ मध्ये अशाच खोलीत मुद्रित झाले, आणि त्यातल्या धृपदाच्या कोरसमध्ये कंपनीचे चालक अहमेत एर्टेगुन आणि जेरी वेक्सलर हेच ओरडत आहेत. खोली गाण्यासाठी बांधलेली नव्हती, तिचा स्वतःचा एक घुमारा होता, आणि डाउडला त्या घुमाऱ्याशी जुळवून घेत कोणते वाद्य कोणत्या कोपऱ्यात आणि मायक्रोफोनपासून किती अंतरावर ठेवायचे ते शोधावे लागे.

त्या काळच्या मोनो ध्वनिमुद्रणाची रीत नीट डोळ्यांसमोर आणल्याशिवाय त्याच्या कामाची खरी किंमत कळत नाही. सगळे वादक आणि गायक एकाच वेळी, एकाच खोलीत वाजवत-गात. चार-पाच किंवा आठ मायक्रोफोनचे आवाज काचेपलीकडे बसलेल्या माणसाच्या हाताखाली एकत्र होत आणि टेपवर एकच मिसळलेला आवाज उतरे. तो उतरला की उतरला. नंतर त्यातून सॅक्सोफोन तेवढा वर काढणे किंवा ड्रम थोडा दाबणे शक्य नसे. गायकाची ओळ संपून सॅक्सोफोनचा तुकडा सुरू होणार असेल, तर त्याच्या पहिल्या स्वराआधी त्याचा मायक्रोफोन वर आलेला हवा आणि तुकडा संपताच खाली गेलेला हवा. अर्धा क्षण उशीर झाला तर सुरुवातीचे स्वर बुडाले, आणि त्यावर उपाय एकच, सगळ्यांनी गाणे पुन्हा पहिल्यापासून वाजवायचे. म्हणजे ध्वनिमुद्रकाला गाणे वादकांइतकेच ठाऊक असावे लागे, आणि पुढे काय होणार आहे हे काही बाबतींत त्यांच्याआधी कळावे लागे. डाउडला स्वरलिपी वाचता येत असे, बेस कसा वाजतो ते बोटांना ठाऊक होते. त्यामुळे काचेपलीकडचा तो माणूस खरे तर त्या वाद्यवृंदातलाच एक होता. बेसचा आवाज मोठा झाला तर तबकडीवरची सुई उडेल या भीतीने जिथे इतर ठिकाणी तो दाबून ठेवला जाई, तिथे अटलांटिकच्या गाण्यांत बेस ठसठशीत ऐकू येतो, याचे कारणही तेच असावे असे मला वाटते. ज्याने ते वाद्य खांद्याशी घेऊन वाजवले आहे, त्याला ते कोपऱ्यात ढकलणे जड जाणारच.

आणि इथेच त्याला यंत्राचा पहिला अडथळा आला. आवाज कमी-जास्त करण्यासाठी कन्सोलवर, म्हणजे सगळ्या मायक्रोफोनचे आवाज एकत्र करणाऱ्या टेबलवजा यंत्रावर, मोठ्या गोल खुंट्या असत. एका हातात एक, फार तर दोन हातांत दोन. तिसरा मायक्रोफोन त्याच क्षणी हलवायचा असेल तर माणसाला तिसरा हात उगवायला हवा. डाउडने त्या खुंट्या काढून त्यांच्या जागी सरळ रेषेत वर-खाली सरकणाऱ्या, अरुंद, एकमेकींना लागून बसवलेल्या पट्ट्या लावल्या, म्हणजे आजचे फेडर. आता एका हाताची बोटे एकाच वेळी चार-पाच पट्ट्यांवर ठेवता येऊ लागली. पियानोच्या पट्ट्यांसारखे हे वाजवता येते, असे तो म्हणत असे, आणि त्याच्या बाबतीत ते अगदी शब्दशः खरे होते, कारण त्याची बोटे पियानोवरच तयार झालेली होती. सरकत्या पट्ट्यांची कल्पना सर्वस्वी त्याचीच होती असा दावा मी करणार नाही. पॉप ध्वनिमुद्रणात ती रुळवण्याचे श्रेय मात्र बहुतेक जाणकार त्यालाच देतात. आज कोणत्याही स्टुडिओचे छायाचित्र पाहिले तरी त्यात पट्ट्यांची ती लांबलचक रांग दिसते. ती रांग मुळात एका माणसाची बोटे कमी पडत होती म्हणून आली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

दुसरे यंत्र त्याहून मोठे होते. अँपेक्स कंपनीने एक इंच रुंदीच्या टेपवर आठ वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे एकमेकांत न मिसळलेले आठ आवाज, मुद्रित करणारे यंत्र बनवले आणि पहिले यंत्र गिटारवादक लेस पॉलकडे गेले. डाउडने वेक्सलर आणि मंडळींना गळ घालून तसेच यंत्र १९५८च्या सुमारास अटलांटिकमध्ये आणवले. हे किती आधी होते याचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगतो की लंडनमध्ये बीटल्सनी १९६७चा ‘सार्जंट पेपर’ चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला, आणि आठ ट्रॅक त्यांना त्याच्या पुढच्या वर्षी मिळाले. लेस पॉल त्या यंत्राचा उपयोग स्वतःवर स्वतःचेच थर चढवण्यासाठी करत होता. डाउडने सुरुवातीला तसे फारसे केले नाही. वादक पूर्वीसारखेच एकत्र बसत, एकत्र वाजवत. फक्त आता त्यांचे आवाज मिसळण्याआधी वेगवेगळे जपून ठेवता येत होते, म्हणजे दुसऱ्या दिवशी शांत डोक्याने पुन्हा मिसळता येत होते.

‘व्हॉट्ड आय से’ याच यंत्रावर झाले, आणि त्याबद्दलची डाउडची आठवण अगदी कोरडी आहे. इतर गाणी केली तसेच हेही केले, तीन-चार वेळा वाजवून झाले आणि आम्ही पुढच्या गाण्याकडे वळलो, अशा अर्थाचे तो सांगतो. खरी मेहनत नंतरची होती. गाणे साडेसात मिनिटांहून लांब होते आणि रेडिओवर वाजणारी गाणी साधारण अडीच मिनिटांची असत. शिवाय ते हुंकार ऐकून निर्मात्यांच्या पोटात गोळा आला होता. डाउडने गाण्याच्या तीन वेगवेगळ्या प्रती तयार केल्या, काही आरोळ्या कापल्या आणि गाणे दोन भागांत विभागून एकाच तबकडीच्या दोन बाजूंवर बसवले. विभागणी अशा जागी आहे की वाद्ये थांबतात, गाणे संपले असे वाटते, बाकीची मंडळी रे चार्ल्सला आणखी गाण्याची गळ घालतात आणि ते पुन्हा पेटते. ज्याला तबकडी उलटायची आहे त्याच्यासाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. कात्री चालवण्यासाठीही गाण्याचा श्वास कुठे पडतो हे कळावे लागते.

मात्र इथेच तो पेचही सुरू होतो. आवाज वेगळे ठेवता येऊ लागले की निर्णय पुढे ढकलता येतो, आणि ढकलता येतो म्हटल्यावर माणूस तो ढकलतोच. पुढच्या दोन दशकांत ट्रॅक आठाचे सोळा झाले, सोळाचे चोवीस झाले, वादक एकत्र येईनासे झाले, आणि ड्रम सोमवारी तर गायन पुढच्या महिन्यात अशी कामाची पद्धत रूढ झाली. त्यातूनही उत्तम गाणी निर्माण झाली हे मी नाकारत नाही. काही आवाज तर त्या पद्धतीशिवाय जन्मालाच आले नसते. पण डाउडची बोटे ज्या कामासाठी तयार झाली होती, ते काम हळूहळू नाहीसे होत गेले. पुढची त्याची कारकीर्द मी वाचतो ती अशी की, तो निर्णय कन्सोलवर घ्यायचा राहिला नाही तेव्हा त्याने तो खोलीत घ्यायला सुरुवात केली.

कोल्ट्रेनबद्दलची त्याची एक आठवण या दृष्टीने मला महत्त्वाची वाटते. १९५९च्या मे महिन्यात ‘जायंट स्टेप्स’च्या मुद्रणासाठी कोल्ट्रेन येत असे तेव्हा बहुधा तासभर आधीच येई, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राही, थोडे वाजवी, थांबे, सॅक्सोफोनची रीड बदली आणि पुन्हा वाजवी. मनाजोगता आवाज लाभला की त्या दिवशीच्या ताना घोटत बसे. डाउड त्याला तसाच राहू देई. यात सांगण्यासारखे काही घडत नाही, आणि तरीही ध्वनिमुद्रकाचा स्वभाव कळायला एवढे पुरेसे आहे. जो माणूस आपले निर्णय भिंतीकडे तोंड करून घेतो आहे, त्याच्याजवळ जाऊन मायक्रोफोनविषयी बोलायचे नसते.

१९६३ मध्ये तो मेम्फिसला गेला तो गाणे करण्यासाठी नव्हे, दुरुस्तीसाठी. स्टॅक्स ही तिथली लहान कंपनी अटलांटिकसाठी गाणी करत होती, तिचे टेपयंत्र बिघडले होते आणि माल येणे थांबले होते. स्टॅक्सचा स्टुडिओ म्हणजे बंद पडलेले एक चित्रपटगृह होते. खुर्च्या काढल्या होत्या, पण जमिनीचा उतार तसाच होता आणि जिथे पूर्वी पडदा होता त्या रंगमंचावर नियंत्रणकक्ष थाटला होता. डाउडने न्यूयॉर्कहून सुटे भाग विमानाने मागवले, यंत्र चालू केले, आणि तिथेच थांबून रुफस थॉमसचे ‘वॉकिंग द डॉग’ मुद्रित केले. त्यानंतर तो तिथे येत-जात राहिला. न्यूयॉर्कमध्ये वादकांपुढे लिहिलेली स्वरलिपी असे; मेम्फिसमध्ये मंडळी एकमेकांकडे पाहत, काहीतरी गुणगुणत गाणे जागीच रचत. डाउडला या पद्धतीचे अप्रूप वाटले.

ओटिस रेडिंगचा ‘ओटिस ब्लू’ त्याच खोलीत ९ आणि १० जुलै १९६५ रोजी जेमतेम एका दिवस-रात्रीत झाला. मधे रात्री काही तास काम थांबवावे लागले, कारण वादकांना क्लबांतले आपले नेहमीचे कार्यक्रम वाजवायला जायचे होते. ते उरकून मध्यरात्रीनंतर परत आले आणि सकाळपर्यंत पुन्हा वाजवत राहिले. त्यातच रेडिंगने स्वतः लिहिलेले ‘रिस्पेक्ट’ आहे. दीड वर्षाने, १४ फेब्रुवारी १९६७ रोजी, अरीथा फ्रँकलिनने तेच गाणे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत गायले तेव्हाही ध्वनिमुद्रक डाउडच होता. त्याआधी जानेवारीत तिचे मुद्रण अलाबामातल्या मसल शोल्स इथे सुरू झाले होते, पण तिथे भांडण होऊन एक गाणे पुरे आणि दुसरे अर्धे अशा अवस्थेत सगळे परतले होते. वादक मग न्यूयॉर्कला बोलावून घेतले गेले.

ही दोन ‘रिस्पेक्ट’ पाठोपाठ ऐकावीत, कारण एकाच माणसाचे कान दोन खोल्यांत कसे वेगवेगळे वागतात ते त्यात उघड दिसते. रेडिंगच्या गाण्यात सगळे एकत्र धावत सुटले आहेत. पितळी वाद्ये, ड्रम आणि गायक यांच्यात फारसे अंतर नाही, आणि गायक त्या धक्काबुक्कीतून स्वतःसाठी वाट काढतो आहे. अरीथाच्या गाण्यात तिचा आवाज समोर उभा आहे, तिचा स्वतःचा पियानो त्याला खेटून आहे, बहिणींचे आवाज बाजूने टोमणे मारल्यासारखे येतात, आणि ती शब्दाची अक्षरे एकेक करून म्हणते तेव्हा प्रत्येक अक्षराभोवती मोकळी हवा आहे. मधला सॅक्सोफोनचा तुकडा तर सॅम अँड डेव्हच्या एका वेगळ्याच गाण्याच्या स्वरसंगतीवर बेतलेला आहे, तरी तो उपरा वाटत नाही. मला यांतले कोणते अधिक आवडते असे विचारले तर उत्तर दिवसागणिक बदलते. पण पहिल्यात डाउडने गोंधळ नीटनेटका केला नाही आणि दुसऱ्यात तो मुद्दाम आणला नाही, यासाठी मी त्याला मानतो.

त्याच वर्षी मे महिन्यात इंग्लंडहून क्रीम हा तीन जणांचा बँड आला. व्हिसाची मुदत संपत आलेली, हाताशी जेमतेम चार दिवस, आणि सोबत कपाटाएवढाले अ‍ॅम्प्लिफायर. ‘डिझरायली गिअर्स’ या तबकडीचा निर्माता फेलिक्स पापालार्डी होता. डाउड ध्वनिमुद्रक म्हणूनच काम करत होता. ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’चे गाडे अडले होते, आणि डाउडच्या सांगण्यानुसार त्याने बँडचा ड्रमर जिंजर बेकर याला सुचवले की काऊबॉय चित्रपटांत मूळ अमेरिकन टोळ्यांच्या ढोलाचा जो ठेका असतो, जिथे जोर नेहमीच्या दुसऱ्या-चौथ्या मात्रेऐवजी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर येतो, तसा वाजवून पाहा. या कल्पनेच्या श्रेयावरून पुढे मतभेद झाले आणि ते मिटण्याची शक्यता आता नाही. श्रेय कोणाचेही असो, त्या ठेक्यानेच गाणे उभे राहिले आहे, आणि अशी सूचना नंतर मिसळताना करता येत नाही. ती वादक ड्रमवर बसलेला असतानाच करावी लागते.

१९७० मध्ये तो मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत ऑलमन ब्रदर्सचे काम करत असताना पूर्वी क्रीममध्ये गिटार वाजवणाऱ्या क्लॅप्टनच्या बाजूने फोन आला. ड्वेन ऑलमनला क्लॅप्टनचे आकर्षण, क्लॅप्टनला ड्वेनच्या गिटारचे. डाउडने २६ ऑगस्टला क्लॅप्टनला आणि त्याच्या साथीदारांना मायामीतल्या ऑलमन ब्रदर्सच्या कार्यक्रमाला नेले आणि मंचाच्या अगदी पुढ्यात खाली बसवले. ड्वेन डोळे मिटून वाजवत होता. त्याने डोळे उघडले, समोर क्लॅप्टन दिसला आणि त्याचे हात जागच्या जागी थांबले. त्याची तान शेजारच्या डिकी बेट्सला उचलून पुढे न्यावी लागली. त्या रात्री दोघे एकत्र वाजवत बसले आणि क्लॅप्टनच्या ‘लैला’ या तबकडीचा सगळा रंग त्यातून आला.

त्या ध्वनिमुद्रणातली एक बाब मला फार आवडते. क्रीमच्या वेळी जे प्रचंड अ‍ॅम्प्लिफायर होते त्यांच्या जागी इथे दोघांनी फेंडरचे चॅम्प नावाचे लहान, एखाद्या पेटीएवढे अ‍ॅम्प्लिफायर वापरले. लहान अ‍ॅम्प्लिफायर कमी आवाजातच फाटू लागतो. म्हणजे हवी ती धार मिळते, पण खोली आवाजाने भरून जात नाही, आणि दोन वादक एकमेकांना पाहत, ऐकत, समोरासमोर बसून वाजवू शकतात. तबकडी ऐकताना ज्याला आपण प्रचंड म्हणतो तो आवाज अशा चिमुकल्या खोक्यांतून आला आहे. ‘लैला’ या गाण्याचा शेवटचा पियानोचा भाग ड्रमर जिम गॉर्डनने सुमारे तीन आठवड्यांनी वाजवला आणि डाउडने तो आधीच्या भागाला टेप कापून जोडला. रीटा कूलिज या गायिकेचे म्हणणे आहे की त्या पियानोच्या रचनेत तिचाही वाटा होता आणि तिचे नाव त्यावर यायला हवे होते. जोड आता जगाला इतका परिचित झाला आहे की तो जोड आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही. तबकडी नोव्हेंबर १९७० मध्ये आली तेव्हा तिचे फारसे स्वागत झाले नाही; गाणे खऱ्या अर्थाने गाजले १९७२ मध्ये.

सत्तरच्या दशकातल्या त्याच्या पुढच्या कामावरून मी झरझर जाणार आहे. लिनर्ड स्किनर्डच्या तबकड्या आहेत, रॉड स्ट्यूअर्टची १९७५ची ‘अटलांटिक क्रॉसिंग’ आहे आणि तीत ‘सेलिंग’ आहे; सगळे व्यवस्थित, घासून-पुसून लख्ख केलेले, आणि प्रचंड खपलेले. त्यात कौशल्य कमी नाही, पण मला तिथे मांडीवरची थाप ऐकू येत नाही. कदाचित ती अपेक्षाच त्या संगीताकडून करू नये. २७ ऑक्टोबर २००२ रोजी फ्लोरिडात त्याचे निधन झाले. त्याच वर्षी त्याला ग्रॅमीचा विश्वस्त पुरस्कार मिळाला होता, आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचे नाव २०१२ मध्ये गेले. त्याच्यावरच्या माहितीपटात तो क्रायटेरियाच्या कन्सोलवर ‘लैला’चे मूळ ट्रॅक लावून बसतो आणि एकेक फेडर वर करत ही ड्वेनची गिटार, ही क्लॅप्टनची, असे दाखवत जातो. मी ते दृश्य पाहताना त्याच्या चेहऱ्याकडे कमी आणि बोटांकडे जास्त पाहिले. कोणता फेडर कुठे आहे हे तो शोधत नाही.

कालक्रम मोडून शेवटी १९७१कडे येतो, कारण त्या वर्षी त्याची दोन्ही आयुष्ये, त्या क्षणी ठरवणारे आणि नंतर ठरवण्याची सोय करणारे, एकाच खोलीत आली असे मला वाटते. मार्चच्या सुरुवातीला तो घानातल्या अक्रा इथे ‘सोल टू सोल’ या संगीत कार्यक्रमाच्या कामासाठी गेला होता. परत येऊन तो जवळजवळ थेट न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट या नाट्यगृहाबाहेर उभ्या असलेल्या ध्वनिमुद्रणाच्या गाडीत जाऊन बसला. १२ आणि १३ मार्चला ऑलमन ब्रदर्स तिथे वाजवणार होते. गाडीत सोळा ट्रॅकचे यंत्र होते, म्हणजे निर्णय पुढे ढकलण्याची पूर्ण सोय होती. पहिल्या कार्यक्रमात बँडने न कळवता काही फुंकवाद्ये मंचावर आणली. ती बेसूर होती आणि त्यांचा आवाज शेजारच्या मायक्रोफोनमध्ये झिरपत होता. झिरपलेला आवाज सोळा ट्रॅक असले तरी काढता येत नाही. डाउडने कार्यक्रम संपताच ड्वेनला ती वाद्ये काढायला सांगितले, आणि ती निघाली. त्या दोन्ही रात्री कार्यक्रम आटोपल्यावर सगळे अटलांटिकच्या स्टुडिओत जात, त्या दिवशी जे मुद्रित झाले ते ऐकत, कोणते गाणे साधले आणि कोणते दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवायला हवे हे तिथल्या तिथे ठरवत. सोळा ट्रॅक हाताशी असूनही हा माणूस त्याच रात्री निकाल लावत होता.

त्या दोन रात्रींच्या मुद्रणातून निघालेल्या दुहेरी तबकडीची शेवटची संपूर्ण बाजू ‘व्हिपिंग पोस्ट’ने व्यापली आहे, ते वादन तेवीस मिनिटांचे आहे. ते संपते, टाळ्या सुरू होतात, आणि टाळ्यांच्या आतच बँड पुढच्या रचनेचे पहिले स्वर छेडतो. त्या रात्री ती रचना खरोखरच पुढे वाजवली गेली आणि अर्ध्या तासाहून अधिक चालली. ती ‘माउंटन जॅम’ होती, आणि १९७२ मध्ये ‘ईट अ पीच’ या पुढच्या तबकडीत तिला दोन बाजूंवर विभागून बसवावे लागले. तोवर ड्वेन ऑक्टोबर १९७१ मध्ये मोटारसायकलच्या अपघातात गेलेला होता. पहिल्या तबकडीवर मात्र ते स्वर जेमतेम ओळखू येतात तोच डाउड फेडर खाली ओढतो. ‘व्हिपिंग पोस्ट’ जिथे संपते तिथेच टेप कापता आली असती, टाळ्यांवर शेवट करणे सोपेही होते आणि रिवाजाला धरूनही होते. मी तिथे दर वेळी थोडा चिडतो, आणि दर वेळी उठून दुसरी तबकडी लावतो.